मंगळावरचा राब

निरोप गोड भाषेत होता, आणि म्हणूनच तो जास्त झोंबला. पहिली पाळी सुटली होती, कंपनीची बस मोहोपाड्याच्या नाक्यावर एका आडव्या झालेल्या कंटेनरमागे अडकली होती, आणि रोहिणी खिडकीच्या काचेला डोकं टेकून फोनवर मंगळाचा दक्षिण ध्रुव बघत बसली होती. हे तिचं रोजचंच. शेजारच्या सीटवरच्या पॅकिंगच्या बायका मालिकेचा चुकलेला भाग बघायच्या आणि ही मंगळ बघायची. त्यावरून तिची पुरेशी थट्टा होऊन आता लोकांना थट्टेचाही कंटाळा आला होता. मंगळाभोवती घिरट्या घालणाऱ्या यानाने वरून काढलेले ध्रुवाकडचे फोटो कुठल्याशा परदेशी संस्थेने हौशी माणसांसाठी खुले केले होते. तिथे वसंत आला की पांढऱ्या बर्फावर काळे डाग उमटतात, आणि डागाच्या एका अंगाला काळी शेपटी पसरलेली असते. प्रत्येक डागावर बोटाने एक बाण ओढायचा, जिथे सुरुवात झाली तिथून जिथे शेवट झाला तिथवर, म्हणजे तिथला वारा कुठून कुठे वाहतो ते शास्त्रज्ञांना समजतं. पैसे नाहीत, सर्टिफिकेट नाही. रोहिणीने सबंध हिवाळा हे मन लावून केलं होतं. आणि आज त्या संस्थेतल्या कुणीतरी इंग्रजीत कळवलं होतं की तुमची चिकाटी आम्हाला फार आवडली. मात्र तुमचे सगळे बाण उलटे आहेत. काळजी करू नका. एकेक फोटो पुष्कळ लोक तपासतात, त्यामुळे चुकीच्या खुणा आपोआप गाळल्या जातात.

आपोआप गाळल्या जातात, हे तिने पुन्हा वाचलं. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं, निदान रागावण्याइतकं तरी आपलं काम मोजलं गेलं असं वाटलं असतं. गव्हातला खडा वेचून टाकतात तसं आपल्याला वेचून टाकलं, आणि टाकणाऱ्याला त्याचं काही वाटलंही नाही, हे तिला सहन होईना. बरं, एखादा बाण उलटा, दहापाच उलटे, हे समजू शकतं. सगळेच्या सगळे उलटे यायलासुद्धा एक प्रकारची हुशारी लागते. कंटेनर सरकला, बस सुटली, आणि कॉलनीच्या फाटकाशी उतरताना ड्रायव्हरने "मॅडम, डबा राहिला तुमचा" अशी हाक मारली तेव्हा ती दचकली. डबा घेतला. फाटकातल्या गुलमोहराखाली फुलांचा सडा पडला होता, पोरं सायकली फिरवत होती, कुणाच्या तरी खिडकीतून सुक्या बोंबलाचा वास येत होता. तिला हे सगळं आवडायचं. या कॉलनीतली आपली दोन खोल्यांची जागा, तिचा निळा दरवाजा, बाल्कनीतली ओव्याची कुंडी, यावर तिचा जीव होता, आणि एरवी या वेळेला ती इथून सुखाने चालत जायची. आज पायात पाय अडकत होते.

मंगळाचं हे वेड लागलं तेही कंपनीमुळेच. ती ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होती तिथे कोरडा बर्फ बनायचा. कार्बन डायऑक्साइडचा वायू दाबून, थिजवून त्याच्या पांढऱ्या विटा पाडायच्या. हा बर्फ वितळून पाणी होत नाही. तसाच्या तसा धूर होऊन उडून जातो, खाली थेंब नाही की डाग नाही. आइस्क्रीमवाले न्यायचे, मासळीवाले न्यायचे, औषधांच्या गाड्या न्यायच्या, आणि लग्नसराईत नवरीच्या पायाशी ढग सोडणारे डेकोरेशनवाले तर रांग लावून न्यायचे. गेल्या दिवाळीआधी सुरक्षेवर भाषण द्यायला एक साहेब आले होते. हातमोजे घाला, बंद खोलीत ठेवू नका, हवाबंद डब्यात तर मुळीच ठेवू नका, बसल्या जागी डबा फुटेल, असं सगळं सांगून झाल्यावर लोक पेंगताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी पडद्यावर मंगळाच्या ध्रुवाचा फोटो टाकला. "हा बघा आपला माल," ते म्हणाले. "तिथे आभाळातून फुकट पडतो." लोक हसले. मग त्यांनी सांगितलं की हिवाळ्यात पडलेल्या त्या बर्फाची काचेसारखी लादी होते. वसंतातलं ऊन तिच्या आरपार जाऊन खालची जमीन तापवतं, लादीचा बर्फ खालच्या अंगाने वायू होतो, वायू कोंडतो आणि एखाद्या फटीतून कारंजासारखा उसळून वर येतो. बरोबर काळी धूळ आणतो. ती धूळ वाऱ्याने बर्फावर पसरते, आणि वायू पळाला त्या वाटांनी जमिनीवर कोळ्याच्या पायांसारख्या घळी पडतात. लोक वडापाव खायला उठले. रोहिणी मात्र त्या फोटोसमोर उभीच राहिली. पांढऱ्या उतारावर काळे डाग, प्रत्येकाला शेपटी, सगळ्या शेपट्या एकाच अंगाला. हे आपण पाहिलं आहे, असं तिला इतकं पक्कं वाटलं की तिने मागे वळून बघितलं, कुणी हसतंय का. त्याच आठवड्यात तिने तो प्रकल्प शोधून काढला. सूचनांचं पान भलं मोठं, इंग्रजीत होतं. ते तिने वर ढकलून दिलं. एकदा ओळखीची वाट आहे म्हटल्यावर पाट्या कोण वाचत बसतो?

मनोज दुसऱ्या कंपनीत इलेक्ट्रिशियन. आज त्याची सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी चहा तो करायचा. खालापुराकडच्या माणसांना चहात आलं किती घालायचं हे कळत नाही असं रोहिणीचं लग्नापासूनचं मत होतं, पण आज तिने तो तिखटजाळ चहा निमूट घेतला, त्यावरून त्याने ओळखलं.

"काय गं, तोंड का पाडलंय?"

तिने फोन पुढे केला. त्याने निरोप वाचला, एक फोटो उघडला, तिचा बाण बघितला, मग दुसरा, मग तिसरा. त्याच्या चेहऱ्यावर तोच भाव आला जो कुणाच्या घरचा फ्यूजबोर्ड उघडल्यावर यायचा.

"सगळे उलटे हायत," तो म्हणाला.

"ते लिहिलंय त्यांनी. तू वेगळं काय सांगितलंस?"

"तसं नाय गं. आमच्याकडे नवीन पोरगा वायर जोडतो, तो चुकला की इथं चुकतो, तिथं बरोबर येतो. धांदल असती त्याची. पण सगळ्याच जोडण्या उलट्या असल्या तर तो धांदलीत चुकलेला नसतो. त्याला कुणीतरी तसंच शिकवलेलं असतं." त्याने फोन तिच्या हातात दिला. "तुला कुणी शिकवलं?"

कुणीच नाही, असं म्हणता म्हणता ती उठली. बाल्कनीत जाऊन ती ओव्याच्या कुंडीशी उभी राहिली. समोरच्या इमारतीवर उन्हं तिरपी झाली होती. तिने फोटोतला एक काळा डाग बोटाने मोठा केला आणि डोक्यात काही न आणता, हाताला जाऊ दिलं. बोट आपोआप शेपटीकडे गेलं. शेपटीच्या टोकावर टेकलं, आणि तिथून वाऱ्याच्या उलट, काळ्या गाभ्याकडे सरकलं. इथून सुरुवात, असं तिचं बोट म्हणत होतं. आणि बोट असं का म्हणतंय हे तिला एकदम कळलं, इतकं एकदम की तिला हसू आलं.

कशेळ्याच्या पुढे रस्ता सोडून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याला तिच्या बापाची वाडी होती. तिथे उन्हाळ्यात राब भाजतात. भाताचं रोप जिथे टाकायचं तो तुकडा आधी भाजून घ्यायचा म्हणजे तण मरतं आणि रोप जोमाने येतं. माघापासून तयारी: शेण पसरायचं, त्यावर कवळ, म्हणजे ऐन-किंजळीच्या तोडलेल्या पानाळ फांद्या, त्यावर पाचोळा, गवत, आणि उडून जाऊ नये म्हणून वरून बारीक मातीचा थर. मग उन्हं तापली की एक दिवस वारा बघून पेटवायचं. मे महिन्यात वरच्या टेपाडावर उभं राहून पाहिलं तर पिवळ्या पडलेल्या उतारावर काळे तुकडे दिसायचे, आणि वाऱ्याने उडालेल्या राखेची प्रत्येकाला शेपटी, सगळ्या शेपट्या एकाच अंगाला. तिचा बाप धाऊ तिला बोट धरून तिथे न्यायचा, आणि कुणाचा राब कसा भाजला गेलाय ते वरून दाखवायचा. हा नीट भाजला. हा वरवर करपला. तो बघ, त्याला घाई होती. काडी लावायची ती शेपटाकडून, वारा ज्या अंगाला जातो त्या अंगाने. मग आग वाऱ्याच्या तोंडावर चालते, रखडत चालते, आणि रखडते म्हणूनच माती खोलवर भाजते. म्हणजे सुरुवात शेपटीला, शेवट तोंडाला. हे तिने दहा वर्षांची व्हायच्या आत इतकं पाठ केलं होतं की पाठ आहे हेसुद्धा ती विसरली होती. मंगळावर बिचाऱ्या धुळीला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती आपली फटीतून वर यायची आणि वारा नेईल तिकडे जायची.

हे कळल्यावर लाज गेली, पण तिच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं, आणि ते जुनं होतं. धाऊला यंदा दमाने धरलं होतं. डॉक्टरने धुराच्या आसपाससुद्धा फिरकू नका म्हणून बजावलं होतं. राब मात्र त्याने आधीच रचून ठेवला होता. थांबत, खोकत, एकट्याने. आई जाऊन चार वर्षं झाली होती, धाकटा भाऊ संतोष कशेळे-कर्जत जीप चालवायचा आणि रोपं कुणाकडून तरी आणू म्हणायचा. त्याने एका वर्षी राब पेटवला होता. वाऱ्याच्या तोंडाला काडी लावली, आग भसाभस धावत सुटली, राब करपला तो करपलाच, वर शेजारच्याच्या पेंढ्यापर्यंत गेली. तेव्हापासून संतोषला राब द्यायचा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, हे धाऊने सगळ्या वाडीला सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणाचा हात तो लागू देत नव्हता. रचलेला राब तसाच पडून होता, आणि वळवाची एक सर आली असती तरी त्याचा चिखल होणार होता. रोहिणीला तो राब पेटवायचा होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, मनोजलाही नाही. लहानपणी प्रत्येक राबाला आपण बापाच्या पाठीशी उभं असायचो, मग आता तो आपल्याला का सांगत नाही, हे तिच्या मनात महिनाभर ठसठसत होतं. कारण तिला ठाऊक होतं. ती माहेरी गेली की धाऊ चटई झटकून अंथरायचा. संतोषला जीप घेऊन कशेळ्याला पिटाळायचा, थंडाची बाटली आणायला. स्वतः भुईवर बसायचा आणि ती सगळी बाटली संपवेपर्यंत कौतुकाने बघत राहायचा. कंपनीतली पोर, प्रयोगशाळेत पांढरा कोट घालते, तिला धुरात कसं घालायचं? त्याचं प्रेमच होतं ते, तिला कळत होतं. पण त्या गोड बाटलीचा प्रत्येक घोट तिला सांगायचा की तू पाहुणी आहेस. आणि स्वतःहून म्हणावं, बा, मी पेटवते, तर तो हसला तर? किंवा हसला नाही, नुसता संकोचला तर? शिवाय पंधरा वर्षांत तिने गॅसशिवाय काही पेटवलं नव्हतं. खरंच येत नसेल तर?

आता येतं हे तिला ठाऊक झालं होतं. सबंध हिवाळाभर, न विचारता, तिचा हात दुसऱ्या ग्रहावर तेच करत होता. तिने फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिकडे बराच वेळ घंटा वाजली, मग खोकला, मग आवाज.

"कोन? रोहिनी? काय गं, बरी हायस ना?"

"बरी आहे. बा, एक विचारायचं होतं. राबाला काडी कुठल्या अंगाला लावायची?"

तिला खरं तर मंगळाचीच खात्री करून घ्यायची होती. निदान तसं तिने स्वतःला सांगितलं.

"कुटल्या अंगाला म्हंजे?" धाऊला असला प्रश्न अपमानासारखा वाटला. "शेपटाला. तोंडाला लावून भावाचं काय झालं, बगितलंस ना? भसाककन जातंय, नि खालची माती थंडच ऱ्हाते." त्याच्या श्वासाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. वाडीतली कुठली तरी कोंबडी ओरडली. मग तो म्हणाला, "कवा येतेस?"

"रविवारी," रोहिणी म्हणाली.

"लवकर ये. दुपारचा वारा धरवत नाय." आणि फोन ठेवला. तिच्यावर उपकार केल्याचा नाही, घेतल्याचाही नाही. बाजारातून मीठ आणायला सांगावं असा त्याचा सूर होता. रोहिणी बाल्कनीतच उभी राहिली आणि तिला रडू आलं. मनोज बाहेर येऊन बघून गेला आणि काही न विचारता आत कुकर लावायला लागला. चांगला नवरा आहे, तिने रडता रडता विचार केला, फक्त आलं कमी घालायला हवं.

रविवारी मनोजने मोटारसायकल काढली. चौक गावाच्या नाक्यावर त्यांनी वडे घेतले, कर्जत ओलांडलं, कशेळ्याला बाजारच्या गर्दीत थोडे रखडले. आदल्या संध्याकाळी डोंगरावर ढग जमले होते. आता आभाळ मोकळं होतं, तरी वर बघितल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. संतोष दारातच भेटला, गाडी पुसत होता. "ताई, तू पेटवनार? ओढनी जाळून घेशील बघ," तो म्हणाला, आणि त्याच्या हसण्यात थोडा रुसवाही होता. ती म्हणाली, "मग उभा राहा पाण्याची कळशी घेऊन." तो खरंच कळशी घेऊन आला. त्याने आणि मनोजने राबाच्या कडेचं गवत खरवडून काढलं.

धाऊ वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धूर येणार नाही अशा बेताने, मोहाच्या झाडाच्या सावलीत जाऊन बसला. त्याने चटई काढली नव्हती. तो वाळला होता, सदरा खांद्यावरून लोंबत होता. त्याने काडेपेटी तिच्या हातात ठेवली. रोहिणीने चिमूटभर माती उचलून सोडली. ती खाली पडताना किंचित ओढ्याकडे सरकली. म्हणजे शेपूट तिकडे. ती ओढ्याकडच्या कडेला गेली, वाकली, आणि तिथे तिचा हात थबकला. निरोप आला त्या गुरुवारपासून रोज संध्याकाळी ती ते फोटो पुन्हा काढून जुने बाण पुसत होती आणि नवे, सरळ बाण ओढत होती, आणि आता काडी हातात असताना तिला क्षणभर काहीच सुचेना, कुठलं सरळ, कुठलं उलट. तिने मोहाकडे बघितलं. बाप तिच्याकडेच बघत होता, पण हाताने, मानेने, कशानेच सांगत नव्हता. तिने पुन्हा माती सोडली. पुन्हा ओढ्याकडे गेली. तिने काडी ओढली आणि पायाशी, शेपटाला, पाचोळ्यात खुपसली.

आधी नुसता धूर झाला, मग मातीच्या थराखालून लाल रेघ दिसली. आग वाऱ्याच्या तोंडावर चालू लागली. वाट जड असल्यासारखी, कुरकुरत. शेणाचा, कवळाचा, भाजल्या मातीचा वास आला, आणि त्या वासाने तिचं सगळं अंग ओळखीचं झालं. ती कडेकडेने चालत होती, हातात ओला टहाळा, जिथे आगीची जीभ बाहेर यायची तिथे मारत होती. घामाने कपाळावर राख चिकटली. ती सुखी होती. असं सुख असतं हे ती विसरली होती असं नाही. पण ते या ठिकाणी ठेवलंय हे विसरली होती.

"त्ये मंगळाचं काय म्हनत होता मनोज?" मोहाखालून धाऊने विचारलं. मनोजच्या पोटात काही राहत नाही.

ती चालता चालता, थांबत थांबत, ओरडून सांगत गेली. वरून काढलेले फोटो, काळे डाग, शेपट्या, तिचे बाण.

"तिथं मानसं हायत?"

"नाय."

"मंग राब कुनासाठी?"

"राब नाय बा. बर्फ हाय तो. खालून तापतो, फुटतो, नि आतली धूळ वाऱ्याने पसरते."

धाऊने विचार केला. "म्हंजे तिथं त्ये तोंडाकडनं शेपटाकडं जातंय."

"हां."

"मंग ती लोकं बरोबर हायत. तू चुकलीस."

"चुकले ना. सगळे उलटे."

तो हसायला लागला, हसता हसता खोकला, खोकता खोकता हसला. "त्येंची माफी माग," तो म्हणाला, आणि डोळे पुसले. संतोषही हसला. मनोज तर आधीपासूनच हसत होता.

अर्ध्यावर आल्यावर एका कोपऱ्यात वाऱ्याची झुळूक उलटली आणि आग एकदम उभी राहिली. रोहिणी धावली. टहाळ्याने ती दाबली, पायाने माती लोटली, संतोषने कळशी पुढे केली ती तिने "नको, थांब" म्हणून अडवली, कारण पाणी पडलं की तेवढा तुकडा कच्चा राहतो. आग पुन्हा खाली बसली, पुन्हा रखडू लागली. सगळं निभावलं. आणि तेव्हा तिने मान वर करून मोहाकडे बघितलं, बापाने बघितलं का ते बघायला. राब पेटला की धाऊ कधी डोळा हलवत नसे. तिची आई असताना आईच्या हातावर त्याचं लक्ष असायचं, संतोषच्या तर मानगुटीवरच बसलेला असायचा, आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे. आता तो मोहाच्या मुळाशी भुईवरच आडवा झाला होता. आगीकडे पाठ होती. तोंडावर टॉवेल ओढलेला होता, आणि श्वासाबरोबर तो टॉवेल हळूहळू वरखाली होत होता. मनोजने तोंडावर बोट ठेवलं. रोहिणी टहाळा हातात घेऊन उभी राहिली. राब पेटलेला होता, वारा होता, अर्धा तुकडा भाजायचा बाकी होता, आणि धाऊ झोपला होता.